आंबील, चहा आणि आक्काची माती

परवा रात्री पुण्याहून नातीचा फोन आला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, अशी नेहमीची चौकशी झाली आणि मग ती एकदम म्हणाली, "आजोबा, तुम्ही दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खाता ना? जरा कमी करा. त्यात फायटिक ॲसिड असतं. ते अंगाला लोह लागू देत नाही."

मला हसू आलं. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचं म्हणून जाहीर केलं होतं, तेव्हा हीच मुलगी मला ज्वारीचे गुण सांगत होती. इथल्या सास्तूरच्या काळ्या रानात जन्म गेलेल्या माणसाला ज्वारीचे गुण पुण्याहून कळावेत याची तेव्हा मोठी गंमत वाटली होती. आता तीच ज्वारी गुन्हेगार झाली!

फोन ठेवला, पण झोप काही आली नाही. "लोह लागू देत नाही" एवढेच शब्द डोक्यात घोळत राहिले आणि साठ वर्षांपूर्वीची आमची आक्का डोळ्यांसमोर आली.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी लग्न होऊन तेरणेपलीकडच्या गावी गेली. १९६६ साली ती तिसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. नखं मधे दबून चमच्यासारखी झाली होती. पाण्याची घागर उचलली की उंबऱ्यात बसून धापा टाकायची. आणि ती माती खायची. चुलीला दिलेलं पोतेरं वाळलं की त्याचा पोपडा नखाने काढून हळूच तोंडात टाकायची. मायनं एकदा बघितलं आणि हातावर फटका मारला. म्हणाली, "माती खायला तुला काय कमी हाय ग घरात?"

खरं तर कमी काहीच नव्हतं. कणगीत ज्वारी होती, तुरीची डाळ होती, रानात पाथरी, चिघळ, अंबाडी होती. आम्ही श्रीमंत नव्हतो, पण उपाशीही नव्हतो.

मूल सुखरूप जन्मलं, पण आक्काचं रक्त थांबेना. बैलगाडी जुंपून उमरग्याकडे निघालो. ती वाटेतच गेली. बाधा झाली म्हणून गेली, असं गाव म्हणालं. मायला तो मारलेला फटका जन्मभर आठवत राहिला.

त्या बाळंतपणातलं मूल आता साठीला आलंय. हे लिहिलेलं तो वाचेल हे मला ठाऊक आहे. बाळा, हे तुला कधी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून आज लिहितोय.

मी इतिहास आणि मराठी शिकवणारा मास्तर. विज्ञान माझा विषय नव्हे. पण घरात धान्य असताना आक्काच्या अंगात रक्त का नव्हतं, हा प्रश्न मनातून कधी गेला नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा जमेल तसं वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इतिहासाच्या मास्तराच्या पद्धतीने, सनावळीसकट, मांडतो.

आधी हे फायटिक ॲसिड म्हणजे काय ते बघू. ज्वारी असो, गहू असो, तूर असो की तीळ, प्रत्येक दाणा म्हणजे एक बीज. उद्या रुजायचं तर कोंबाला फॉस्फरस लागणार. तो दाण्यात या रूपाने साठवलेला असतो. लेकीला सासरी पाठवताना आई शिदोरी बांधून देते ना, तशी झाडाने बीजाला दिलेली ही शिदोरी. मात्र तिची गाठ फार घट्ट असते. लोह, जस्त, कॅल्शियम ही खनिजं तिच्यात अडकून बसतात. आपण भाकरी खातो तेव्हा ज्वारीतलं लोह पोटात जातं खरं, पण गाठ न सुटल्यामुळे त्यातलं बरंचसं रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं.

हे जगाच्या ध्यानात आलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. इंग्लंडमध्ये मॅकन्स आणि त्यांच्या सहकारी एल्सी विडोसन यांनी माणसांना पांढरा आणि कोंड्याचा पाव खायला घालून पोटात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या खनिजांचा हिशेब ठेवला. तो १९४२ साली प्रसिद्ध झाला. कोंड्याच्या पावात खनिजं जास्त असतात, पण कॅल्शियम अंगी लागतं कमी, असं त्यात दिसलं. त्याच सुमारास आयर्लंडमध्ये गव्हाची टंचाई होती, म्हणून पिठातला कोंडा न काढता पाव होऊ लागले, आणि डब्लिन शहरातल्या लहान मुलांमध्ये मुडदूस वाढला. म्हणजे माणसं पौष्टिक म्हणावं असंच खात होती, आणि पोरांचे पाय मात्र वाकत होते.

पुढची गोष्ट आपल्या भारतीय माणसाची आहे. डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारचे. अमेरिकेत शिकून १९५८ साली ते इराणमध्ये शिराजला गेले. तिथे त्यांच्याकडे एक रुग्ण आला. वय एकवीस, दिसायला मात्र दहा वर्षांच्या पोरासारखा. अंगात रक्त नाही, वाढ खुंटलेली. त्याचं खाणं काय? तर न आंबवलेल्या गव्हाची रोटी. आणि माती! असे आणखी रुग्ण तिथे होते. त्यांना लोह कमी पडत होतं हे उघडच होतं, पण वाढ का खुंटावी? प्रसादांनी ताडलं की जस्तही कमी पडत असणार. पुढे इजिप्तमधल्या तशाच मुलांचा अभ्यास करून १९६३ च्या सुमारास त्यांनी ते दाखवून दिलं. माणसालाही जस्ताची कमतरता पडू शकते हे जगाला तेव्हा समजलं. रोटीत जस्त होतं, पण त्याच शिदोरीच्या गाठीत अडकलेलं.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. शिराजचा तो पोरगा आणि आमची आक्का! अंगात लोह कमी झालं की पुष्कळांना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ती हावरटपणाची खोड नव्हे, ती आजाराची खूण आहे. शिवाय काही मातींचा गुण असा, की पोटात गेल्यावर त्या उरलंसुरलं लोहही धरून ठेवतात. मायचा फटका चुकीचा नव्हता, पण मातीमागचं कारण तिला कोण सांगणार होतं? प्रसाद शिराजमध्ये त्या पोराला तपासत होते तेव्हा आक्का पंधरा वर्षांची होती. ज्ञान तयार होत होतं, पण आमच्या वेशीपर्यंत यायला त्याला फार उशीर झाला.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, ज्वारी तर आपण शेकडो वर्षं खातोय. मग सगळेच पांढरे का नाही पडले?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला आमच्या येळवशीत सापडलं.

बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या धाराशिव-लातूरकडे हा दिवाळीपेक्षा मोठा सण. गाव ओस पडतं आणि सगळे रानात जातात. कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते. भज्जी, उंडे आणि बिंदगीभर आंबील असा थाट असतो. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. मातीच्या भांड्यात ती आंबू देतात. या आंबण्यातच सगळी किमया आहे. दाण्यात शिदोरीबरोबर तिची गाठ सोडणारं एक द्रव्यही असतं. पाणी, ऊब आणि आंबटपणा मिळाला की ते कामाला लागतं आणि अडकलेलं लोह मोकळं होऊ लागतं. मटकीला मोड आणताना, इडली-डोशाचं पीठ आंबवताना हेच घडतं. बीजाला वाटतं आता रुजायची वेळ झाली, म्हणून ते आपली शिदोरी सोडतं, आणि आपण ती खातो.

आमच्या आजीला यातलं काहीही माहीत नव्हतं. पण उन्हाळाभर घरात आंबील असायची, मटकीला, हुलग्याला मोड आणल्याशिवाय ती शिजवायची नाही, तवा लोखंडाचा होता, अंबाडीची आंबट भाजी होती, आणि लिंबाची फोड मिळेल तेव्हा ताटात पडायची. आंबट फळातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं हे आता सगळे जाणतात. आणखी एक मौजेची गोष्ट सांगतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१० साली असं दाखवलं, की धान्या-डाळींबरोबर कांदा आणि लसूण असला तर त्यातलं लोह आणि जस्त जास्त मोकळं होतं. हा प्रयोग प्रयोगशाळेतला, माणसांवरचा नव्हे, एवढं ध्यानात ठेवायचं. पण भाकरी, लसणाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा हे गरिबाचं जेवण अगदीच अडाणी नव्हतं म्हणायचं!

मग मधे काय बिघडलं? माझ्या मते, बरंच काही बिघडलं, आणि त्यातली एक गोष्ट म्हणजे चहा.

चहा आपला जुना वाटतो, पण आमच्या खेड्यांत तो अगदी अलीकडचा. मळेवाल्या साहेबांना चहा परदेशात विकायचा होता. इथे खपवायचा म्हणून १९०३ साली निर्यातीच्या चहावर कर बसवून त्यातून प्रचाराचा पैसा उभा केला गेला. शहरं, गिरण्या, रेल्वे स्टेशनं असा तो पसरत गेला. माझ्या लहानपणी आमच्या घरी चहा पाहुण्यापुरता, तोही गुळाचा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची आणि चहाची टपरी असायची. भूक मारायला चहा बरा, ही सवय तेव्हा घट्ट झाली. आंबिलीची जागा हळूहळू कपबशीने घेतली.

चहातही वनस्पतीची स्वतःची द्रव्यं असतात. जिभेला तुरट लागतात ती. पानांना किडीने, जनावराने खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज. ती लोहाला धरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९७५ साली माणसांवर प्रयोग करून दाखवलं, की पावाच्या किंवा भाताच्या जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येतं. चहा वाईट नाही, त्याची वेळ वाईट.

हे मी पुस्तकात फार नंतर वाचलं. त्याआधी ते घरात भोगलं होतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी आणि सास्तूर परिसरातली दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याविषयी मी पूर्वी लिहिलंय, आज पुन्हा लिहवत नाही. आम्ही दोघं आणि मुलं वाचलो. पुढे पत्र्याच्या शेडमधले दिवस आले. जातं ढिगाऱ्याखाली, बिंदगी फुटलेली. तीन-साडेतीन महिन्यांनी येळवस आली, तेव्हा कोणाच्याच रानात आंबील गेली नाही. शेडमध्ये काय असायचं? चहा. कोणी भेटायला आलं की चहा, कोणाची आठवण निघाली की चहा, रडून झालं की चहा. आमच्या सौभाग्यवती दिवसाला सात-आठ कप घेत असतील. जेवण दोन घास आणि त्यावर लगेच चहा.

१९९६ साली तिला चक्कर आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने नेमाने घेतल्या आणि पुन्हा तपासलं तर जिथल्या तिथे. मोठा आजार असेल या भीतीने माझी झोप उडाली. आक्का डोळ्यांपुढे होतीच. शेवटी एका नर्सबाईंनी विचारलं, "काकू, गोळी कशाबरोबर घेता?" ही म्हणाली, "चहाबरोबर. तोंडाला लोखंडाची चव येते ना!"

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. चहा जेवणापासून निदान दोन तास लांब आणि गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर, एवढंच सांगितलं. पुढच्या चार महिन्यांत हिमोग्लोबिन साडेदहावर गेलं. मी वीस-बावीस वर्षं शाळेत शिकवत होतो, शेकडो पोरांची हजेरी घेतली होती, पण घरात बायको गोळी कशाबरोबर घेते हे मला ठाऊक नव्हतं! देशात गर्भवतींना आणि लहान मुलांना लोहाच्या गोळ्या द्यायची योजना १९७० सालीच सुरू झाली होती. आक्का गेल्यानंतर चार वर्षांनी. गोळी आली, पण ती कशाबरोबर घ्यायची नाही हे गोळीच्या मागोमाग घरोघरी पोचलं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे शंभरातल्या चौपन्न आक्का.

सगळा दोष भाकरीवर आणि चहावर ढकलायचा नाही, हेही सांगतो. आक्काची बाळंतपणं लागोपाठची होती. ती अनवाणी शेतात जायची आणि पायातून शिरणारे जंत रक्त पितात. बायका सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं जेवायच्या. हे सगळं मिळून तिचं रक्त आटलं. भाकरीतली ती गाठ त्यातला एक धागा. इतिहासात कुठल्याच घटनेला एकच कारण नसतं, हे मी वर्गात शिकवायचो. ते घरालाही लागू आहे.

आणि झाडांच्या या द्रव्यांना सरसकट विष म्हणणंही बरोबर नाही. ज्वारीचंच बघा. पाऊस ताणला की कोवळ्या ज्वारीत विष चढतं. ती खाल्ली की जनावराला किराळ लागते, बघता बघता धडधाकट बैल आडवा होतो. १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी इजिप्तच्या ज्वारीतून ते द्रव्य वेगळं केलं. पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. पण तेच ताट पिकलं, वाळलं की त्याचा कडबा बैल वर्षभर खातो आणि दाणा आपण. म्हणून काय ज्वारी पेरायची सोडली कोणी? शेतकऱ्याने एवढंच ठरवलं की कोवळ्या फडात गुरं सोडायची नाहीत.

लाखेच्या डाळीची गोष्टही तशीच. पूर्व विदर्भात, भंडारा-चंद्रपूरकडे, भाताच्या ओलीवर लाखोळी येते. दुष्काळात बाकी सगळं जळलं तरी ती तगते. पण महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली की माणसांचे पाय लुळे पडतात. त्यातलं विष १९६४ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी वेगळं करून ओळखलं. थोडी खाणाऱ्याला, भिजवून पाणी फेकून शिजवणाऱ्याला आणि बरोबर इतर धान्य असणाऱ्याला धोका फार कमी. ज्याच्या ताटात दुसरं काहीच नाही त्याला सगळ्यांत जास्त. म्हणजे विष डाळीत होतं हे खरं, पण माणसं पांगळी झाली ती डाळीइतकीच दारिद्र्यामुळे.

मला वाटतं, सगळ्या गोष्टीचं सार इथे आहे. झाड आपल्यासाठी दाणा करत नाही, स्वतःच्या पोरांसाठी करतं. त्यात त्याने आपली राखण ठेवलेली असणारच. ती राखण ओळखून, भिजवून, आंबवून, मोड आणून, शिजवून खाणं म्हणजे स्वयंपाक. आपल्या आज्यांनी तो शेकडो वर्षांत जमवला. आपण भाकरी ठेवली आणि आंबील सोडली, डाळ ठेवली आणि भिजवणं सोडलं, वर जेवणानंतर चहा आणला. आणि आता दोष मात्र ज्वारीला देतो. फायटिक ॲसिडचे काही चांगले गुणही असावेत असं अलीकडचे अभ्यासक म्हणतात, आणि अख्ख्या धान्याचा फायदा तर कोणीच नाकारत नाही. चारी ठाव जेवणाऱ्या, डाळ-दूध-भाजी मिळणाऱ्या माझ्या नातीला भाकरीपासून भिण्याचं कारण नाही. जिच्या ताटात भाकरी आणि मीठ-मिरचीच आहे, तिची काळजी करायची.

दुसऱ्या दिवशी मीच नातीला फोन केला. सांगितलं, "बाळ, तू म्हणतेस ते खरं आहे, पण अर्धं आहे." आक्काची गोष्टही सांगितली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने हळूच विचारलं, "आजोबा, मला हल्ली खडू खावासा वाटतो. ऑफिसात पांढऱ्या फळ्यामुळे खडू नाही, म्हणून पाटीवरची पेन्सिल आणून ठेवलीय. आईला सांगू नका."

मी आईला सांगितलं. तिचं रक्त परवाच तपासलं, नऊ भरलं. डॉक्टरांनी कारण शोधायला सांगितलंय आणि गोळ्या सुरू केल्यात. गोळी कॉफीबरोबर घेत नाहीस ना, हे मी रोज रात्री विचारतो. ती चिडते. चिडू दे.

यंदाच्या येळवशीला तिला बोलावलंय. आंबील आमच्या सौभाग्यवती करणार आहेत, नव्या बिंदगीत.

तर मंडळी, असं आहे हे सगळं. तुमच्या घरी कोणी माती, खडू, कच्चे तांदूळ चोरून खात असेल तर हातावर फटका मारू नका. एकदा रक्त तपासून घ्या. आणि तुमच्याकडे आजीच्या हातची आंबवण्या-भिजवण्याची काही रीत असेल तर जरूर कळवा. आमच्या पिढीबरोबर ती जाऊ नये, एवढीच इच्छा.